मित्राला ६५ हजारांत गेमिंग पीसी बसवून द्यायचाय, दुकानाचं कोटेशन घ्यावं की पार्ट आपणच आणावेत?

तापीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सांगता येणार नाही म्हणून.

माझा शाळेपासूनचा मित्र आहे, चोपडा तालुक्यात गाव, कामाला जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. आम्ही आठवीत असताना सायकलवर डबलसीट तालुक्याला जाऊन सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये देऊन जीटीए खेळायचो, तेव्हापासून त्याच्या डोक्यात आहे की एक दिवस आपल्या घरी कॉम्प्युटर घ्यायचा. आता दोन वर्षांचा ओव्हरटाइम साठवून आणि भिशी उचलून त्याने ६५ हजार जमवलेत. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस सगळं त्यातच बसवायचंय. खेळणार काय तर व्हॅलोरंट (धाकटा भाऊ पुण्याला शिकतो, त्याच्यासोबत), जीटीए ५, आणि जमलं तर एखादा नवीन मोठा गेम.

मी माझा स्वतःचा पीसी २०२१ ला जोडला होता, तेवढ्या भरवशावर त्याने सगळं माझ्यावर टाकलंय. म्हणतो, "माले काई समजत नही भो, तूच देखी ले." मला रात्री झोप लागत नाही खरंच, कारण माझे पैसे असते तर एखादी चूक झाली तरी चाललं असतं.

तो एका दुकानात विचारून आला. त्यांनी कागदावर लिहून दिलं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, सगळं मिळून ४५ हजार. मित्र खूश, म्हणे २० हजार वाचले. मी फोनवर दुकानदाराला विचारलं कितवी जनरेशन, म्हणजे कितव्या पिढीचा, तर म्हणे आय७ आहे ना, आय५ च्या वरचा, बाकी काय पाहायचं. फार मागे लागलो तेव्हा मॉडेल सांगितलं, प्रोसेसर ३७७० आणि कार्ड जीटी ७३०.

माझ्या डोक्यात रायझन ५६००जी प्रोसेसर होता, त्यात ग्राफिक आतच असतं, म्हणजे आत्ता कार्ड घ्यायचंच नाही, पुढच्या दिवाळीला टाकायचं. बरोबर आहे का?

अजून दोन गोष्टी. गावात लाइटचं काही खरं नाही, थ्री फेजची पाळी रात्री असली की सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. आणि खोली पत्र्याची आहे, मे महिन्यात आत काय होतं ते आपल्या भागातल्यांना सांगायला नको. माझ्याकडे लॅपटॉपमधून काढलेली ८ जीबी डीडीआर४ रॅम पडून आहे, ती चालेल का?

केळीबाग (रावेर)

भाऊ, ते कोटेशन फाडून टाक आधी.

आय७ ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे. ऑफिसातून निघालेल्या जुन्या डब्ब्यांमधले प्रोसेसर काढतात, नवीन बनवलेल्या एच६१ (जुन्या प्रोसेसरच्या) मदरबोर्डावर बसवतात, वर लायटीचं कॅबिनेट चढवतात आणि गेमिंग पीसी म्हणून विकतात. माझ्या मावसभावाने असाच घेतला. पहिल्या दिवशी लायटी बघून सगळं घर जमा झालं, आणि चौथ्या दिवशी त्याचा मला फोन की जीटीए मध्ये गाडी वळवली की गाडी एकीकडे आणि रस्ता एकीकडे. पोराने वर्षभर पैसे साठवले होते. परत करायला गेला तर वॉरंटी सात दिवसांची, आणि बिल साध्या कागदावर.

आता त्या ४ जीबी कार्डाचं ऐक, कारण फसवणूक तिथेच होते. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड. त्याचा जो ६४ बिटचा डीडीआर३ वाला प्रकार सगळीकडे मिळतो, त्याची मेमरी सेकंदाला १४ जीबीच्या आसपास डेटा देते. आरएक्स ६६०० या चांगल्या गेमिंग कार्डाची २२४ जीबी देते. म्हणजे विहीर मोठी खोदली आणि पाइप लावला ठिबकचा, बाग भिजणार कशी? कार्डावर किती जीबी लिहिलंय ते नंतर बघायचं, कार्ड कुठलं ते आधी. गिऱ्हाइकाला ४ जीबी हा आकडा समजतो म्हणून दुकानदार तोच मोठ्याने सांगतो.

आणि तुझ्या मित्राचा मुख्य गेमच त्याच्यावर अडकेल. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं. ३७७० विंडोज ११ च्या यादीतच नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. आज ४५ हजार देऊन बंद पडलेल्या रस्त्यावर घर कशाला बांधायचं.

लॅपटॉपची रॅम चालणार नाही. लांबीला लहान असते आणि पिना वेगळ्या, तिच्या २६०, डेस्कटॉपच्या २८८. बसतच नाही.

पांझराकाठ (धुळे)

वरच्याशी सहमत, पण ५६००जी ला एकदम नाही म्हणू नका. त्याच्या आतलं व्हेगा ग्राफिक व्हॅलोरंट व्यवस्थित चालवतं, मी दीड वर्ष तसंच खेळलो, जीटीए ५ पण सेटिंग खाली आणून चालत होता. फक्त एक अट, रॅमच्या दोन कांड्या टाकायच्या. ८ आणि ८. १६ ची एक टाकली तर आतल्या ग्राफिकचा जीवच जातो कारण ते मेमरी रॅममधूनच उसनी घेतं आणि एका कांडीत रस्ताच अर्धा.

पण मित्राकडे ६५ आहेत म्हटल्यावर मी कार्डच घेईन. कारण सांगतो. ५६००जी ला कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० ला ३२, आणि जी वाल्यात पीसीआय (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) जुना ३.० च मिळतं. म्हणजे पुढे कार्ड टाकशील तेव्हा प्रोसेसर थोडा मागे राहणार, आणि आत्ता ज्या आतल्या ग्राफिकचे पैसे दिले ते तेव्हा वाया. शिवाय "पुढच्या दिवाळीला कार्ड" हे मी पण म्हणालो होतो, मग बहिणीचं लग्न निघालं, मग गाडी घेतली, ते कार्ड तीन दिवाळ्या आलं नाही.

जुनं कार्ड घ्यायचा मोह होईल तर सांभाळून. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली, त्यातली अजून हातोहात फिरतात. आरएक्स ५८० घेताना तर ते खरंच ५८० आहे की २०४८एसपी वाला कापलेला प्रकार, ते सॉफ्टवेअरने तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, ते नको. ४ जीबी मेमरी आणि त्या पीसीआय रस्त्याच्या चारच लेन, जुन्या बोर्डावर भलतंच मागे पडतं.

रॅमचं मात्र उलट, रॅम जुनी घ्या बिनधास्त. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, कंपन्या सगळ्या एआय सर्व्हरच्या मेमरीमागे लागल्या म्हणून. रॅम सहसा खराब होत नाही, ऑफिसच्या पीसीतून निघालेल्या एकसारख्या दोन कांड्या शोधा, मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर लावा, एरर आला नाही की झालं.

वायरमन_भुसावळ

मी गेम खेळत नाही, पोरगा खेळतो. मी लाइटीचं काम करून राहिलो बावीस वर्षांपासून, तर माझ्या बाजूचं सांगतो आणि हे तुम्ही प्रोसेसरच्या आधी वाचा.

पोराला पीसी घेऊन दिला तेव्हा कॅबिनेटसोबतच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आला होता, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. मी डबा उलटा करून लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा किती, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे कामाचे वॅट १९२, बाकीचा आकडा स्टिकरवर. त्यातल्या त्यात आपल्याकडे व्होल्टेज खाली आलं की हलका एसएमपीएस जास्त करंट ओढतो, तापतो, आणि एक दिवस जातो तो बोर्डाला घेऊन जातो. पोराचा गेला. मे महिना, दुपारचे तीन, फट्ट आवाज झाला आणि जळक्या वार्निशचा वास. बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही गेले, डिस्कमध्ये त्याच्या आजीचे शेवटचे फोटो होते. तेव्हापासून मी कोणाचाही पीसी असो, आधी लेबल वाचतो.

४५० चा चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो असा शिक्का) वाला घ्या. १२ व्होल्टला ३५ अँपिअरच्या वर लिहिलेलं पाहिजे. भलेही प्रोसेसर एक पायरी खाली घ्या.

यूपीएस ६०० व्हीए चा देतात सगळीकडे, तो ३६० वॅटचा असतो. नवीन असताना चालेल, वर्षभराने बॅटरी उतरली की लाइट गेल्या क्षणी पीसी पण जाईल. १००० व्हीए बघा. त्याच्यावर तासभर खेळायचं नाही, गेम बंद करून शट डाउन करण्यापुरती पाच मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं. घराच्या इन्व्हर्टरवर पीसी लावला तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा नाही ना ते बघून घ्या.

आणि अर्थिंग. गावाकडे बोर्डात थ्री पिन असते पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, लोक म्हणतात थोडा करंट येतो, चालतं. नाही चालत. एसएमपीएसच्या आतलं फिल्टर अर्थ नसल्यावर सगळ्या पत्र्याला साधारण अर्ध्या व्होल्टेजवर नेऊन ठेवतं, करंट कमी असतो म्हणून माणूस वाचतो, पण यूएसबी आणि एचडीएमआय लावता-काढताना पोर्ट जातात. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरून पाहा, बल्ब पूर्ण पेटला नाही तर अर्थिंग नाही. खड्डा करून कोळसा-मीठ टाकून प्लेट किंवा पाइप पुरा, उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या.

शहाद्याची_ताई

वायरमनदादांचं वाचून बरं वाटलं, असं कोणी सांगतच नाही. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, माझा पीसी पण पत्र्याच्या खोलीत आहे म्हणून गरमीचं तेवढं सांगते.

कॅबिनेट घेताना समोरून काच असलेलं घेऊ नका. दिसायला छान पण हवा येणार कुठून? समोर जाळी पाहिजे, पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. खोली ३० वरून ४२ वर गेली की आतलं कार्ड पण जवळपास तेवढंच वर चढतं, हिवाळ्यात ६८ दाखवणारं कार्ड मे मध्ये ८० ला जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण आधीच कोंडलेलं असेल तर मग ते स्पीड कमी करतं आणि गेम अडकतो. गेममध्ये ६० किंवा १०० ला फ्रेमची मर्यादा लावून ठेवा, कार्डाला विनाकारण पळायला लागत नाही आणि खोली पण तेवढी कमी तापते. मी दुपारी दोन ते पाच एक्सपोर्ट लावतच नाही, पहाटे लावते.

डेझर्ट कूलरची हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नका. मी घेतली होती, महिन्याभरात पंख्यांवर धूळ आणि ओल मिळून चिखलासारखा थर बसला, खरवडून काढावा लागला. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर हवेने उलटा गरगरा फिरतो. टायरच्या दुकानातल्या हवेने कधी मारू नका, त्या टाकीत पाणी असतं.

मॉनिटरवर कंजुषी करू नका. बाकी सगळं पाच वर्षांत बदलेल, मॉनिटर राहतो. २४ इंची आयपीएस, फुल एचडी, १०० हर्ट्झ पुरे.

तापीकाठ (अमळनेर)

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, खरंच आभार. मित्राला वाचून दाखवलं. आजीच्या फोटोंचं वाचल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणे एसएमपीएस भारीच घ्यायचा.

आता हिशोब मांडला तर ५६०० + आरएक्स ६६०० + चांगला एसएमपीएस + १००० व्हीए यूपीएस हे ६५ च्या बाहेर चाललंय, पाच-सहा हजार वर. कुठे कापू? कार्ड आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी वालं घेऊ का?

पांझराकाठ (धुळे)

कार्ड कापू नको, प्रोसेसर काप. आय३ १२१००एफ घे आणि एच६१० बोर्ड, डीडीआर४ वालाच, खोक्यावर नीट वाच कारण त्याच बोर्डाचे डीडीआर५ वाले पण येतात आणि मग तू घेशील ती जुनी डीडीआर४ रॅम बसणार नाही. चार कोर आठ थ्रेड, २०२२ चा आहे, व्हॅलोरंटला तर भरपूरच. आणि पुढे त्याच बोर्डावर जुना आय५ १२४००एफ मिळाला की टाकता येतो. ६६०० ला आठच लेन असतात पण या बोर्डावर त्या पीसीआय ४.० च्या मिळतात म्हणून काही तोटा नाही.

३०५० ६ जीबी ला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, ७० वॅटमध्ये चालतं, एवढाच त्याचा गुण. गेममध्ये ६६०० खूप पुढे आहे. ६६०० खातं १३२ वॅट, चांगल्या ४५० वर आरामात.

केळीबाग (रावेर)

हो, आय३ नावाला घाबरू नको. गावात कोणीतरी म्हणेलच की एवढे पैसे घालून आय३ घेतला, तिकडे आय७ मिळत होता. मित्राला आधीच समजावून ठेव, कारण लोकांच्या एका बोलण्याने माणसाचा आनंद जातो. हा आय३ बाराव्या जनरेशनचा, तो आय७ तिसऱ्या; १२ वीतला पोरगा आणि निवृत्त पैलवान, कुस्ती कोण मारेल ते सांग त्याला.

एफ म्हणजे आत ग्राफिक नाही, हे लक्षात राहू दे. आणि प्रोसेसर खोक्यातला घे. ट्रे वाला स्वस्त देतात पण त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नाही आणि पंखा पण नाही. प्रत्येक गोष्टीचं जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर. ऑनलाइन मागवलं तर खोकं फोडताना एका दमात व्हिडिओ काढ, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात कर.

तापीकाठ (अमळनेर)

तीन आठवड्यांनी लिहितोय. पीसी बसला!

१२१००एफ, एच६१०, आरएक्स ६६००, ८+८ रॅम (जळगावला एका ऑफिसचा माल निघाला होता त्यातून, मेमटेस्ट रात्रभर, शून्य एरर), ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ब्रॉन्झ एसएमपीएस (१२ व्होल्टला ३६ अँपिअर, दुकानात उलटा करून वाचला, दुकानदार बघत राहिला), जाळीचं कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर, १००० व्हीए यूपीएस. एकूण ६६,३०० झाले, वरचे तेराशे मी घातले, तो घेत नव्हता, म्हटलं सायबर कॅफेत माझे पैसे कितीदा तू दिलेस ते आठव.

अर्थिंग खरंच नव्हतं. टेस्ट लॅम्प लावला तर नुसता मिणमिणला. त्याच्या वडिलांनी दुसऱ्याच दिवशी ओट्याच्या कडेला खड्डा खोदला, गावातल्या वायरमनने प्लेट पुरून दिली, आणि आता फ्रिजच्याही झिणझिण्या गेल्या. आई त्याच्यावरच सगळ्यात जास्त खूश आहे.

जोडताना एकदा पोटात गोळा आला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. वीस मिनिटं रॅम काढून घाल, वायरी दाब, मित्र काही बोलत नव्हता पण त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. मग बघितलं तर मॉनिटरची वायर मी बोर्डाच्या एचडीएमआय मध्ये लावलेली, आणि एफ प्रोसेसरला तिथून चित्र कुठून येणार. कार्डात लावली आणि लागला. नंतर व्हॅलोरंट व्हॅन ९००१ चा एरर देत होता, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, आणि सिक्युअर बूट चालू केल्यावर गेला. रॅम २६६६ वर चालत होती, एक्सएमपी (रॅमचा पूर्ण स्पीड लावणारी सेटिंग) चालू केल्यावर ३२००. मॉनिटर पण ६० वरच होता, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० केला.

रात्री साडेदहाला दोघे भाऊ व्हॅलोरंटवर आले. थ्री फेज आली, बल्ब पिवळा पडला, यूपीएसने टिक केलं आणि गेम चालूच. मित्राने मान वळवून नुसतं माझ्याकडे बघितलं.

वायरमन_भुसावळ

वा भाऊ, अर्थिंग केलं हे फार चांगलं केलं. आईंना सांगा एप्रिलपासून आठवड्याला एक बादली पाणी त्या खड्ड्यात.

शहाद्याची_ताई

अभिनंदन! बिलांचे फोटो आजच काढून मित्राच्या मेलवर टाका, दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई एका उन्हाळ्यात उडते, माझ्या एसएसडीचं बिल पांढरं निघालं होतं वॉरंटीच्या वेळी.

तापीकाठ (अमळनेर)

काढतो ताई, आत्ताच फोन करतो त्याला. उचलेल की नाही माहीत नाही, खेळत असेल.